चाळिशी न गाठलेल्या गाड्या

क्रॉयडन हे लंडनच्या मध्यभागापासून दक्षिणेला सुमारे १५ किलोमीटरवर, ब्रायटनच्या समुद्रकिनाऱ्याकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर वसलेले शहर. १९६५ पर्यंत ते सरे परगण्यातील स्वतंत्र नगरपालिकेचे शहर होते आणि त्या वर्षीच्या १ एप्रिलपासून बृहन्‌लंडनच्या प्रशासकीय विभागांपैकी, म्हणजे 'बरों'पैकी, एक झाले. विसाव्या शतकात या शहराने स्वतः मोटारी बनवल्या, मोटारींना वाट करून देण्यासाठी आपला मध्यभाग पाडून नव्याने बांधला, आणि पुढच्या शतकात त्याच रस्त्यांवर कोणती मोटार पैसे न भरता फिरेल आणि कोणती फिरणार नाही हे कॅमेरे ठरवू लागले. त्यामुळे कालपर्यंत दारोदारी उभी असणारी साधी मोटार रस्त्यावरून नाहीशी कशी होते, या प्रश्नाचा मागोवा घेण्यास क्रॉयडनइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल. गाडी जुनी झाली म्हणून गेली, हे त्याचे नेहमीचे उत्तर अपुरे आहे. 'मॉरिस मरीना' ही १९७१ ते १९८० या काळात बनलेली मध्यमवर्गीय मोटार ब्रिटनमध्ये आठ लाखांवर खपली होती. २००६ साली 'ऑटो एक्सप्रेस' या नियतकालिकाने केलेल्या पाहणीत त्यांपैकी रस्त्यावर असलेल्या केवळ ७४५ उरल्या होत्या. हजारात एकही शिल्लक राहू नये असा हा ऱ्हास निव्वळ वयाने होत नाही. त्यामागे कायदे, कर, पत्र्याचा गंज आणि दुरुस्तीचा हिशेब अशी बरीच कारणे एकत्र यावी लागतात.

क्रॉयडनची स्वतःची मोटार होती 'ट्रोजन'. लेस्ली हाउन्सफील्ड या अभियंत्याने पहिल्या महायुद्धापूर्वीच तिचा आराखडा आखला होता, आणि ज्याला मोटारीतले काही कळत नाही व कळून घेण्याची इच्छाही नाही अशा सामान्य माणसाला परवडेल आणि झेपेल अशी गाडी बनवणे हा त्याचा ध्यास होता. युद्धानंतर क्रॉयडनच्या कारखान्यात नमुन्याच्या काही गाड्या तयार झाल्या. मोठ्या प्रमाणावरील उत्पादनासाठी मात्र 'लेलँड' या मालमोटारी बनवणाऱ्या कंपनीशी करार झाला, आणि १९२२ पासून थेम्सकाठच्या किंग्स्टन येथील लेलँडच्या कारखान्यातून ट्रोजन बाहेर पडू लागली. तिचे इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे दट्ट्याच्या प्रत्येक खालीवर फेरीत एकदा इंधन पेटवणारे, आणि ते आसनांखाली आडवे बसवलेले होते. त्यात चार दट्टे, त्यांना जोडणारे इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराचे दोन दांडे आणि एक भुजादंड, असे मिळून सातच हलते भाग होते, आणि कंपनी हा सातचा आकडा मोठ्या अभिमानाने मिरवत असे. व्ही आकाराच्या दांड्याची दोन टोके एकाच वेळी वेगवेगळ्या अंतरावर जात असल्याने तो प्रत्येक फेरीत किंचित वाकणे भागच होते. पाठ्यपुस्तकी यंत्रशास्त्राला हे मान्य होणे कठीण होते, परंतु दांडे वाकत राहिले आणि गाड्या चालत राहिल्या.

गाडी सुरू करण्यासाठी त्या काळातील इतर मोटारींप्रमाणे पुढे जाऊन हँडल मारावे लागत नसे. चालकाने जागेवर बसूनच बाजूचा दांडा ओढायचा, की इंजिन सुरू. गिअर दोनच होते, मागच्या चाकांना शक्ती साखळीने मिळे, आणि वळणावर आतले व बाहेरचे चाक वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा 'डिफरन्शियल' हा भाग खर्च वाचवण्यासाठी चक्क गाळून टाकला होता. चाकांना हवा भरायच्या टायरऐवजी भरीव रबर बसवलेले असल्याने पंक्चरची चिंता नव्हती. ही भरीव चाके इतकी अरुंद होती, की ट्रामच्या रुळांच्या खाचेत एकदा अडकलेला ट्रोजनचालक ट्रामडेपोपर्यंत जाऊनच सुटतो, असा विनोद त्या काळी प्रचलित होता. क्रॉयडनमध्ये १९५१ पर्यंत जुन्या ट्राम धावत होत्या, तेव्हा या विनोदाला तेथे स्थानिक आधारही असावा. सुरुवातीला २३० पौंड असलेली किंमत १९२५ मध्ये १२५ पौंडांवर, म्हणजे अमेरिकी फोर्ड 'मॉडेल टी'च्या बरोबरीस आली. पायी चालणे तरी परवडते का, असा उलटा सवाल जाहिरातीत विचारून चालण्याने झिजणारे बूट व मोजे यांचा खर्च गाडीच्या खर्चापेक्षा अधिक भरतो, असा हिशेब कंपनी मांडत असे. लेलँडच्या सहा-सात वर्षांत सुमारे ११ हजार मोटारी आणि त्याखेरीज हजारो मालवाहू व्हॅन तयार झाल्या.

१९२८ मध्ये लेलँडला मालमोटारींसाठी जागा हवी झाली, करार संपला आणि उत्पादन क्रॉयडनला पर्ली वे या रस्त्यावरील कारखान्यात आले. पर्ली वे हा शहराच्या गर्दीला वळसा घालण्यासाठी १९२०च्या दशकात बांधलेला बाह्यवळण रस्ता होय. त्याच्या एका अंगाला लंडनचा तेव्हाचा प्रमुख विमानतळ होता, आणि याच पट्ट्यात नवे कारखाने उभे राहत होते. मात्र ट्रोजन घरी आली ती नेमकी तिची वेळ टळल्यावर. 'ऑस्टिन सेव्हन'सारख्या छोट्या पण दिसायला आणि चालवायला खऱ्याखुऱ्या मोटारी तोवर स्वस्त झाल्या होत्या, आणि जे गिऱ्हाईक दहा वर्षांपूर्वी दुचाकी सोडून ट्रोजनकडे आले असते ते आता थेट त्यांच्याकडे वळले. १९३०च्या दशकाच्या मध्यापर्यंत ट्रोजनची खाजगी मोटार जवळजवळ संपली, व्हॅन मात्र टिकल्या. भारतीय वाचकाला घरच्या चहाच्या पुड्यामुळे परिचित असलेली 'ब्रुक बाँड' कंपनी या व्हॅनची सर्वांत मोठी गिऱ्हाईक होती, आणि आसामच्या व सिलोनच्या मळ्यांतला चहा ब्रिटनमधील गल्लीबोळांतल्या किराणा दुकानांपर्यंत तिच्या लाल ट्रोजन पोहोचवीत. व्हॅनचे पुढे काय झाले याचा विचार केला, तर या इतिहासातील पहिले सूत्र हाती लागते. कंपनीच्या ताफ्यातील वाहन हे हिशेबवहीतील एक नोंद असते. त्याचे मूल्य ठरलेल्या वर्षांत शून्यावर आले, की ते भंगारात जाते, आणि त्याला वाचवण्यात कोणाचाही जीव गुंतलेला नसतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर याच कारखान्यातून आणखी एक सामान्यांची गाडी निघाली. १९५६च्या सुवेझ संघर्षात तेलाचा मार्ग बंद होऊन ब्रिटनमध्ये काही महिने पेट्रोलचे रेशनिंग झाले, आणि बुडबुड्याच्या आकाराच्या, एका दट्ट्याच्या, अत्यल्प पेट्रोलवर चालणाऱ्या 'बबल कार'ना एकाएकी मागणी आली. तीन चाकांच्या गाडीला ब्रिटिश कायद्यात करही कमी लागे आणि मोटारसायकलच्या परवान्यावर ती चालवता येत असे, ही तिची खरी किल्ली होती. लॅम्ब्रेटा या इटालियन स्कूटरचे ब्रिटनमधील वितरक पीटर अॅग यांनी ट्रोजन कंपनी ताब्यात घेतल्यावर जर्मनीतील 'हाइन्केल'च्या बबल कारचे हक्क मिळवले आणि १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात ती क्रॉयडनमध्ये 'ट्रोजन २००' या नावाने तयार होऊ लागली. तिचे दार समोरच्या बाजूला, सगळा दर्शनी भागच उघडणारे असे होते. याच लॅम्ब्रेटाचे उत्पादन त्या सुमारास मुंबईत ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी परवान्याखाली करीत होती, हा योगायोग मराठी वाचकाने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. परंतु ऑगस्ट १९५९ मध्ये 'मिनी' बाजारात आली होती. करांसह सुमारे ४९७ पौंडांत चार माणसे, चार चाके आणि खरा मोटारीचा मान मिळू लागल्यावर बबल कारला गिऱ्हाईक उरले नाही, आणि १९६०च्या दशकाच्या मध्यास ती बंद झाली. ट्रोजन कंपनी त्यानंतर 'मॅक्लारेन'च्या शर्यतीच्या मोटारी बांधण्यात रमली आणि १९७४ मध्ये स्वतःची फॉर्म्युला वन मोटारही तिने उतरवली. बूट-मोज्यांचा हिशेब मांडणाऱ्या कारखान्याचा हा शेवट काहीसा विचित्रच म्हटला पाहिजे.

दरम्यान शहर बदलत होते. १९५६ साली संसदेने 'क्रॉयडन कॉर्पोरेशन अॅक्ट' संमत करून नगरपालिकेला शहराच्या मध्यभागातील जमीन संपादन करण्याचे आणि पुनर्रचना करण्याचे व्यापक अधिकार दिले. सर जेम्स मार्शल यांच्या नेतृत्वाखालील पालिकेने ते पुरेपूर वापरले. वेलस्ली रोड हा एके काळचा घरांचा रस्ता अनेक पदरी झाला, त्याखालून भुयारी मार्ग गेला, १९६०च्या दशकाच्या अखेरीस जुन्या गावठाणाच्या डोक्यावरून उड्डाणपूल गेला आणि व्हिटगिफ्ट सेंटर हे प्रचंड खरेदी संकुल बहुमजली वाहनतळांसह उभे राहिले. लंडनच्या मध्यभागातील भाडी न परवडणाऱ्या कंपन्यांनी येथे एकामागून एक उंच कचेऱ्या थाटल्या. १९६४ मध्ये पूर्ण झालेल्या सेंट जॉर्जेस हाउसमध्ये पुढे 'नेस्ले'चे ब्रिटनमधील मुख्य कार्यालय होते. विमानतळ ३० सप्टेंबर १९५९ रोजी बंद झाला होता आणि ट्राम आठ वर्षांपूर्वीच गेल्या होत्या, त्यामुळे हे नवे शहर सर्वस्वी मोटारीवर बेतलेले होते. त्यातील मोटार बहुतेक वेळा 'फोर्ड कॉर्टिना' असे.

कॉर्टिना १९६२ मध्ये थेम्सच्या पलीकडे डॅगनम येथील फोर्ड कारखान्यात जन्मली, पाच मालिकांतून गेली आणि जुलै १९८२ मध्ये बंद झाली; १९७०च्या दशकातील बहुतेक वर्षे ती ब्रिटनमधील सर्वाधिक खपाची मोटार होती. तिच्या या खपाचे एक कारण पगाराच्या नियमांत होते. त्या दशकात महागाई आवरण्यासाठी सरकारने पगारवाढीवर वारंवार मर्यादा घातल्या, तेव्हा माणसे टिकवून धरण्यासाठी कंपन्यांनी पगाराऐवजी गाडी देण्यास सुरुवात केली. गाडीवर त्या काळी आकारला जाणारा कर तिच्या खऱ्या मोलाच्या मानाने किरकोळ असल्याने हा सौदा दोन्ही पक्षांना फायद्याचा होता. फोर्डने हे अचूक ओळखले. मागच्या डिकीवर लावलेली 'एल', 'जी.एल.' आणि 'गिया' ही छोटी धातूची अक्षरे म्हणजे कचेरीतील उतरंडच होती. फिरत्या विक्रेत्याला 'एल', त्याच्या वरच्या साहेबाला 'जी.एल.', आणि विभागप्रमुखाला लाकडी पट्टी व मऊ आसनांची 'गिया'. कचेरीच्या वाहनतळावरून एक फेरी मारली, तर कोण कोणाच्या हाताखाली आहे हे कोणाला न विचारता कळत असे.

या व्यवस्थेचा दुसरा परिणाम अधिक महत्त्वाचा आहे. कंपनीची गाडी दोन-तीन वर्षांनी विकली जाई, मग ती एखाद्या कुटुंबाकडे जाई, तेथून नवशिक्या तरुणाकडे, आणि मग चौथ्या-पाचव्या हातात. अशा उतरत्या भाजणीने फिरताना प्रत्येक मालकाकडे देखभालीसाठी आधीच्या मालकापेक्षा कमी पैसा असे. रोव्हर किंवा जॅग्वार घेणारा माणूस पहिल्या दिवसापासून ती जपत असे. कॉर्टिना जपावी असे कोणालाही वाटण्याचे कारण नव्हते, कारण ती प्रत्येक गल्लीत होती आणि उद्या दुसरी मिळणारच होती. ब्रिटनमधील क्रमांकपाट्यांनी यात भर घातली. १९०३च्या मोटार कायद्यानंतर प्रत्येक नोंदणी कार्यालयाला अक्षरे मिळाली, क्रॉयडनला 'बी.वाय.' मिळाली होती, आणि कोल्हापूरची गाडी 'एम.एच. ०९' वरून ओळखावी तशी गावची गाडी त्यांवरून ओळखता येई. १९६३ पासून मात्र पाटीवर वर्षदर्शक अक्षर येऊ लागले. गाडी कुठली यापेक्षा गाडी कोणत्या सालची हे शेजाऱ्यांना दुरून वाचता येऊ लागले, आणि सहा वर्षांची ठणठणीत गाडीही केवळ पाटीमुळे जुनी ठरू लागली. नव्याचे नऊ दिवस शब्दशः पाटीवर लिहिण्याची ही तऱ्हा मोटार उद्योगाला फार मानवली.

शेवटचा निर्णय परीक्षागृहात होई. महाराष्ट्रात व्यावसायिक वाहनाला जसे ठरावीक मुदतीने 'पासिंग' करून घ्यावे लागते, तसे ब्रिटनमध्ये खाजगी मोटारीलाही दरवर्षी करावे लागते. परिवहन मंत्रालयाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'एम.ओ.टी.' म्हणतात. अर्नेस्ट मार्पल्स मंत्री असताना १९६० मध्ये ही तपासणी सुरू झाली तेव्हा ती दहा वर्षांवरील गाड्यांसाठी होती आणि ब्रेक, दिवे व स्टिअरिंग एवढेच पाहिले जाई. ही मर्यादा १९६१ मध्ये सात वर्षांवर आणि १९६७ मध्ये तीन वर्षांवर आली, आणि १९७७ पासून गाडीचा सांगाडा व पत्रा यांचीही तपासणी सुरू झाली. साध्या मोटारींवर खरा घाला घातला तो या शेवटच्या बदलाने. जुन्या मोटारींना शिडीसारखी जाड पोलादी चॅसी असे आणि वरचा पत्रा सडला तरी चॅसी टिके. कॉर्टिना, मरीना, 'व्हॉक्सॉल व्हिवा' या पिढीच्या गाड्यांना वेगळी चॅसीच नव्हती, वाकवलेला पत्रा एकमेकांस जोडून तयार केलेली पेटी हाच त्यांचा सांगाडा होता. हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी ब्रिटनमधील रस्त्यांवर मीठ टाकतात. ते खारे पाणी दारांखालच्या पोकळ पट्ट्यांत, म्हणजे 'सिल'मध्ये, शिरून आतून पत्रा खाई, आणि बाहेरून रंग चकचकीत दिसत असताना तपासनिसाने बोटाने किंवा छोट्या हातोडीने ठोकताच तपकिरी पापुद्रे खाली गळत. इंजिन उत्तम चालत असे, गिअर पडत असत, पण सिल वेल्डिंग करून घेण्याचा खर्च गाडीच्या बाजारभावापेक्षा जास्त निघे. मग मालक तपासणीच्या दारातूनच गाडी कटिंगला देई. कॉर्टिनांची पिढी अशी दहा-बारा वर्षांच्या वयात, वर्षागणिक लाटेसारखी, नाहीशी झाली.

जी काही उरली तिच्यासाठी आणखी एक वाट होती. क्रॉयडनपासून जवळच विम्बल्डनच्या प्लाउ लेन मैदानावर २०१७ पर्यंत 'बँगर रेसिंग' चाले. ही भंगारच्या वाटेवरील गाड्यांची शर्यत असते आणि तीत एकमेकांना ठोकरणे नियमातच बसते. काचा काढून, आत लोखंडी नळ्या ठोकून एके काळच्या कुटुंबवत्सल गाड्या संध्याकाळच्या दिव्यांखाली एकमेकींवर आदळत आणि प्रेक्षक टाळ्या वाजवीत. संग्राहकांना याचा संताप येतो हे समजण्यासारखे आहे; पण त्या काळी या गाड्यांची किंमत शर्यतीच्या एका संध्याकाळीइतकीच होती, आणि शर्यतकरी नसते तर भंगारवाला होताच.

कायदा जुन्या गाड्यांच्या बाबतीत केवळ कठोरच होता असे नाही. दीर्घायुषी गाड्यांना तो सन्मान देई, आणि येथेच या इतिहासातील मुख्य विसंगती आहे. १९९०च्या दशकाच्या मध्यास २५ वर्षांवरील गाड्यांचा वार्षिक रस्ता कर माफ झाला. लवकरच ती सवलत १९७३ पूर्वीच्या गाड्यांपुरती गोठवण्यात आली आणि २०१४ मध्ये ४० वर्षांवरील गाड्यांसाठी पुन्हा दरवर्षी पुढे सरकणारी झाली. मे २०१८ पासून अशा 'ऐतिहासिक' वर्गातील गाड्यांना, त्यांत मोठे फेरफार केलेले नसल्यास, वार्षिक तपासणीतूनही सूट मिळाली. चाळिशी गाठलेल्या गाडीला अशा रीतीने कर नाही आणि तपासणीची सक्ती नाही. मात्र चाळिशीपर्यंत पोहोचण्यासाठी तिला पंधराव्या ते पस्तिसाव्या वर्षांचा मधला पट्टा ओलांडावा लागतो, आणि त्या काळात ती रोजच्या वापराला जुनी, जपण्यासारखी म्हणावी तर अजून फारच साधी, आणि विकली तर कवडीमोल असते. ज्याच्याकडे बंदिस्त गॅरेज आणि दुसरी गाडी आहे अशा मालकाची गाडी तो पट्टा पार करते; रस्त्यावर उभी राहणारी, एकुलती एक आणि रोज कामावर नेणारी गाडी सहसा करीत नाही. शिशाचे पेट्रोल १९९९ अखेर बंद होणे, १९९८ पासून वापरात नसलेल्या गाडीचीही सरकारला कळवून नोंद ठेवण्याची सक्ती होणे, आणि भंगारात जाणाऱ्या गाडीतून तेल, बॅटरी वगैरे आधी काढून घेण्याचे युरोपीय नियम येणे, यांनी घराच्या अंगणात ताडपत्रीखाली गाडी नुसती ठेवून देण्याची जुनी सवय हळूहळू महाग करून टाकली.

त्यानंतर सरकारने गाड्या विकत घेऊनच मोडायला सुरुवात केली. २००८च्या आर्थिक अरिष्टाने मोटार उद्योग गळपटल्यावर मे २००९ ते मार्च २०१० या काळात दहा वर्षांवरील गाडी भंगारात देऊन नवी घेणाऱ्यास २,००० पौंडांची सूट देण्यात आली, त्यात निम्मा वाटा सरकारचा व निम्मा कंपन्यांचा होता. सुमारे चार लाख गाड्या या योजनेत गेल्या. त्यात गंजलेल्या होत्या तशाच एकाच मालकाने वीस वर्षे प्रेमाने वापरलेल्याही होत्या, कारण योजनेला गाडीची अवस्था दिसत नव्हती, वय तेवढे दिसत होते. १९८० व १९९०च्या दशकांतील 'ऑस्टिन मेट्रो', 'फोर्ड सिएरा' आणि 'व्हॉक्सॉल कॅव्हेलियर' यांची पिढी आधीच विरळ झाली होती, आणि या धक्क्यानंतर ती रस्त्यावर दिसली तर लोक वळून पाहू लागले. एप्रिल २००५ मध्ये एमजी रोव्हर कंपनी बुडाल्याने तिच्या गाड्यांचे सुटे भाग आधीच दुर्मीळ होऊ लागले होते.

क्रॉयडनवरचा पुढचा घाव लंडनच्या महापौर कार्यालयाकडून आला. 'अल्ट्रा लो एमिशन झोन', संक्षेपाने 'यूलेझ', हे अल्प उत्सर्जन क्षेत्र एप्रिल २०१९ मध्ये लंडनच्या अगदी मध्यभागी सुरू झाले, ऑक्टोबर २०२१ मध्ये वर्तुळाकार रस्त्यांपर्यंत वाढले आणि २९ ऑगस्ट २०२३ रोजी क्रॉयडनसह सर्व बरोंना लागू झाले. नियम असा, की पेट्रोल गाडी युरोपीय उत्सर्जन मानकाच्या चौथ्या आणि डिझेल गाडी सहाव्या टप्प्यात बसली पाहिजे, नाहीतर गाडी ज्या दिवशी चालवाल त्या दिवशी १२.५० पौंड भरायचे. व्यवहारात याचा अर्थ साधारण २००६ पूर्वीची पेट्रोल गाडी आणि २०१५ पूर्वीची डिझेल गाडी असा होतो. या धोरणामागचे कारण गंभीर होते. दक्षिण लंडनमधील लुइशम येथील एला अदू-किसी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी २०१३ मध्ये दम्याने दगावली, आणि २०२० मधील चौकशीत तिच्या मृत्यूस वायुप्रदूषण कारणीभूत ठरल्याचे नोंदवले गेले. दुसरीकडे २००१ मध्ये सरकारनेच रस्ता कर कार्बन डायऑक्साइडवर ठरवून लोकांना डिझेल गाड्यांकडे वळवले होते, आणि त्या सल्ल्यावर विश्वास ठेवून घेतलेल्या आठ-नऊ वर्षांच्या गाड्यांवर आता रोजची पट्टी बसत होती. क्रॉयडनच्या शेजारच्या ब्रॉमली बरोने आणि सरे परगण्याच्या परिषदेने इतर तीन बरोंसह न्यायालयात दाद मागितली, परंतु जुलै २०२३ अखेर उच्च न्यायालयाने ती फेटाळली. लंडनच्या परिवहन खात्याने नियमात न बसणाऱ्या मोटारीसाठी २,००० पौंडांपर्यंत भंगार अनुदान देऊ केले, आणि २०२४ मध्ये अशा गाड्या युक्रेनला मदत म्हणून देण्याचीही सोय केली. महिनाभरानंतरच्या अहवालानुसार लंडनभर धावणाऱ्या वाहनांपैकी सरासरी ९५ टक्के वाहने नियमात बसणारी होती. उरलेले पाच टक्के ज्यांचे होते त्यांच्यात रात्रपाळीचे कामगार आणि किरकोळ व्यावसायिक किती, हा वाद आकड्यांनी मिटला नाही.

मात्र ऐतिहासिक वर्गातील, म्हणजे ४० वर्षांवरील, गाड्यांना यूलेझमधूनही सूट आहे. ऐतिहासिक वर्ग दरवर्षी १ एप्रिलला एका वर्षाने पुढे सरकतो, आणि एप्रिल २०२३ मध्ये तो १९८२ अखेरपर्यंत बनलेल्या गाड्यांपर्यंत पोहोचला होता. कॉर्टिनाचे ब्रिटनमधील उत्पादन १९८२च्या जुलैत थांबलेले असल्याने यूलेझ क्रॉयडनला आले त्या दिवशी ब्रिटनमध्ये बनलेल्या झाडून साऱ्या कॉर्टिना, त्यांच्या धुराचे काहीही असो, नियमातून सुटल्या होत्या. तिची जागा घेणारी आणि तिच्याहून स्वच्छ इंजिन असलेली सिएरा, पहिल्या काही महिन्यांतील गाड्या सोडल्यास, पैसे भरत होती. हवेच्या दृष्टीने यात अर्थ नाही, पण संख्येच्या दृष्टीने आहे. कॉर्टिना इतक्या थोड्या उरल्या होत्या, की त्यांना सूट देऊन कोणाच्या फुप्फुसांचे काही बिघडणार नव्हते. सवलत मिळण्याएवढे दुर्मीळ होण्यासाठी आधी बाकीच्या सगळ्यांनी मरावे लागते, एवढाच तिचा व्यवहार होता.

या घटनेनंतर दोन महिन्यांनी मुंबईतही असाच एक हिशेब पूर्ण झाला. कुर्ल्याच्या कारखान्यात इटालियन फियाटच्या आराखड्यावरून बनलेली 'प्रीमियर पद्मिनी' काळी-पिवळी टॅक्सी म्हणून अर्धशतक या शहराची ओळख होती. टॅक्सीसाठी २० वर्षांची वयोमर्यादा असल्याने आणि शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेलेली असल्याने, ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी राहिली नाही. दोन्ही शहरांत तारखेवर बोट ठेवता येईल असा हा शेवट झाला, फरक मात्र मोठा होता. मुंबईत एका पेशातील गाडी एका निश्चित दिवशी थांबली आणि वृत्तपत्रांनी तिला निरोप दिला. क्रॉयडनमध्ये सारी जुनी सामान्य वाहने एका कर-रेषेच्या चुकीच्या बाजूला पडली आणि एकेक करून, निरोपाविना, विकली किंवा मोडली गेली. भारतात २०२१ पासून ५० वर्षांवरील गाड्यांची 'विंटेज' म्हणून वेगळी नोंदणी करता येते, परंतु त्या रोज चालवण्याची मुभा नाही. ब्रिटिश कायद्याने चाळिशीची अट ठेवली आणि रोज चालवण्याची परवानगीही दिली, म्हणून तेथील वाचलेली गाडी रस्त्यावर दिसू शकते.

ट्रोजनचे तसेच झाले. खाजगी मोटार बंद पडून नव्वद वर्षे होत आली, तरी तिचे मालकांचे मंडळ आणि संग्रह आहेत, आणि उन्हाळ्यातील मेळाव्यांत तिचा टू-स्ट्रोक फटफटाट ऐकू येतो. दर वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी १९०५ पूर्वीच्या मोटारींची लंडन ते ब्रायटन फेरी निघते, आणि क्रॉयडन त्याच वाटेवर असल्याने शंभरी उलटलेली, चाकांच्या काड्या लाकडी असलेली मोटार तेथल्या रहिवाशांना वर्षातून एकदा हमखास दिसते. २००३ सालची पेट्रोल 'फोर्ड फिएस्टा' मात्र तेथे वर्षभर थांबूनही फारशी दिसत नाही. ब्रिटनमध्ये सर्वकाळ सर्वाधिक खपलेल्या या मोटारीचे उत्पादन यूलेझ वाढण्याच्या काही आठवडे आधी, जुलै २०२३ मध्ये, संपले. तिच्या शेवटच्या वर्षांतील गाड्या अजून क्रॉयडनच्या प्रत्येक गल्लीत उभ्या आहेत आणि त्या जपाव्यात असे कोणाच्या मनात आलेले नाही. २००५ मध्ये बनलेली आणि नियमात न बसणारी फिएस्टा ऐतिहासिक वर्गात जाऊन विनाशुल्क फिरू शकेल ती १ एप्रिल २०४६ पासून, आणि तोवर तिला सिल न गंजता, कोणाच्या तरी गॅरेजात, वीसएक हिवाळे काढायचे आहेत.